करार झाला, दाजी आले नाहीत

उल्हासनगरच्या शाळेत मी नववीला इतिहास शिकवायचे. एकाहत्तरच्या युद्धानंतरचा करार पुस्तकात एका परिच्छेदात उरकला होता. दोन्ही देशांचे नेते थंड हवेच्या गावी भेटले, जिंकलेला मुलूख परत दिला, पुढे कैदी सुटले. एका सिंधी मुलीनं विचारलं, "मॅडम, फिर सब घर आ गये?" तिची आजी फाळणीत घरदार सोडून इथल्या कॅम्पात आलेली, म्हणून तिला असले प्रश्न सुचायचे. मी म्हटलं, "पुस्तकात तसंच लिहिलंय," आणि फळा पुसायला वळले.

माझे दाजी आले नव्हते. ते पश्चिम सीमेवर होते. कैदी सुटणार हे कळल्यावर ताईनं अंबरनाथच्या खोलीला नवा चुना लावला, दाजींचे कपडे उन्हात घातले. कैदी आले, त्यात दाजी नव्हते. मेलेल्यांतही सापडले नाहीत. पुढे सरकारनं त्यांना मृत धरलं. ताईनं धरलं नाही. मंगळसूत्र घालूनच ती कारखान्यात कामाला जात राहिली.

मग ऐंशीच्या दशकात माझं लग्न ठरलं. आम्ही बौद्ध. घरात देव नाही, उपास नाही, सवाष्ण-विधवा हा भेद तर आमच्या भाषणांत आधी झोडपला जायचा. तरी हळदीच्या आदल्या दिवशी बुवापाड्यात आमच्या घरी आई, मावशी आणि आत्या चटईवर बसल्या. ताईला सवाष्ण धरायची की नाही, हा प्रश्न.

मावशी म्हणाली, "सरकारच सांगतंय गेला म्हणून, मग आपण काय येडे?"

"पण तिच्या गळ्यात अजून डोरलं हाय," आई पुटपुटली.

मी भडकले. "पहिली हळद ताईच लावणार, नाहीतर मला हळदच नको!"

"नवरीनं मध्ये बोलायचं नसतं," आत्यानं मला गप्प केलं.

शेवटी तोडगा निघाला. हळद ताईनं कुटायची, लावायची नाही. सगळ्या खूश. कुणाचं मन दुखलं नाही म्हणे. आतल्या खोलीत ताई तांदूळ निवडत होती, तिला हाक मारावी असं कुणाला वाटलं नाही. त्या वेळी मला त्या तिघींची किळस आली, आणि त्यात माझी आई होती.

दुसऱ्या दिवशी ताईनं सकाळपासून हळद कुटली. मी पाटावर बसल्यावर तिनं वाटी आणून समोर ठेवली. मी तिचा हात धरून गालाकडे ओढला. तिनं तो सोडवून घेतला आणि आईकडे बघून म्हणाली, "तिकडं साहेबलोकांनी टेबलावर ठरवलं, इथं तुम्ही चटईवर. माणूस माझा आहे ना? मला विचारलं कुणी?"

मावशीनं वाटीत बोटं बुडवली आणि गाणं सुरू झालं.

माझ्या अंगावरची हळद लवकर उतरली. ताईच्या नखांतली कितीतरी दिवस तशीच होती.