चार ऋतूंच्या बाई

समोरच्या बाईची हनुवटी दोन बोटांत धरायची, चेहरा दाराकडे वळवायचा आणि म्हणायचं, "हं, उजेडात ये जरा." मग ती ओळखीची असो की नसो, ही आमच्या बाईंची सवय. लोणावळ्याच्या बाजारात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, धागे असा सगळा कारभार. त्या दुकानाच्या पायरीवर बाईंनी किती जणींच्या हनुवट्या धरल्या असतील, देव जाणे.

बाई म्हणजे शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. मी काही त्यांची विद्यार्थिनी नव्हे, पण सगळा बाजार त्यांना बाई म्हणायचा म्हणून मीही म्हणायचे. त्या निवृत्त झाल्या तेव्हा नागपूरच्या लेकीनं त्यांना एक ऑनलाइन कोर्स भेट दिला. कुणाला कुठला रंग खुलतो, ते शास्त्रशुद्ध ओळखायचा कोर्स. लेक भेट देऊन मोकळी झाली, भोगलं आम्ही.

शास्त्र तसं सोपं. गळ्याखाली एकेका रंगाचं कापड धरायचं आणि चेहऱ्याकडे बघायचं. एखाद्या रंगानं चेहरा तजेलदार दिसतो, एखाद्यानं डोळ्यांखालची वर्तुळं आधी दिसतात. त्यावरून माणसाचा ऋतू ठरतो. वसंत, ग्रीष्म, शरद नाहीतर शिशिर. एकदा ऋतू ठरला की साडी, लिपस्टिक, केसांचा रंग, टिकली, सगळं त्यातलंच वापरायचं.

नमुन्याची कापडं बाईंनी माझ्याकडूनच घेतली. दुकानातल्या झाडून सगळ्या रंगांचा थोडा थोडा रुबिया, म्हणजे ब्लाउजचं सुती कापड. काय गिऱ्हाईक मिळालं, म्हणून मी खूश! दुसऱ्या दिवसापासून त्या दुकानातच येऊन बसायला लागल्या. कुणी राणी रंगाचा पीस मागितला की मी ठाण उलगडायच्या आत त्यांचा आवाज यायचा, "हिला देऊ नकोस तो." आता सांगा, धंदा करायचा कसा?

बँकेतल्या एका मॅडमना त्यांनी ग्रीष्म ठरवलं. मॅडम भडकल्या.

"म्हणजे मी काय रखरखीत दिसते?"

"अहो, हा विलायतेतला उन्हाळा," बाई शांतपणे म्हणाल्या. "तिकडे उन्हाळा थंड असतो. तुम्ही फिकट निळं नेसून बघा."

मॅडमनी फिकट निळी साडी घेतली, ती त्यांना झकास दिसली, पण ग्रीष्म हा शब्द काही पचला नाही. कुणी विचारलं तर त्या आपला ऋतू वसंत सांगायच्या.

कार्ल्याहून पालेभाजी घेऊन येणाऱ्या मावशींनाही बाईंनी सोडलं नाही. "मावशी, लाल टिकली नको, मरून लावा."

"आता टिकली बी ऋतू बघून लावायची व्हय?" मावशी हसत सुटल्या. पुढच्या खेपेला मात्र कपाळावर मरून टिकली होती.

माझ्या मेंदीवरून तर त्यांनी माझं डोकं खाल्लं. "तू शिशिर आहेस. केस पांढरे ठेव नाहीतर काळे कर. हा गाजरहलवा नको डोक्यावर." मी चिडून आणखी काही दिवस मेंदी लावली आणि मग गुपचूप सोडून दिली.

पावसाळ्यात बाईंची सुट्टी असायची. लोणावळ्याच्या धुक्यात जिथं माणूसच दिसत नाही, तिथं त्याचा रंग कुठून दिसणार? पण पाऊस सरला की पायरी पुन्हा त्यांची. त्यांचा नियम एकच होता. गोरी आणि काळी हे दोन शब्द त्यांच्यासमोर काढायचे नाहीत. कुणी काढलेच तर शाळेतल्यासारखं दरडावायच्या, "काय म्हणालात? परत म्हणा." परत म्हणायची कुणाची छाती होत नसे.

अशात एकदा कार्ल्याची एक मुलगी आई आणि आत्याबरोबर लग्नाच्या साड्यांसाठी मॅचिंग बघायला आली. सावळी, उंच, एका रिसॉर्टच्या काउंटरवर नोकरीला. चारचौघांत आईच्या पदराआड अर्धी लपून उभी राहणारी. शालू अजून घ्यायचा होता. आत्या म्हणाली, "फिक्का गुलाबीच घ्यायचा. तेवढीच उजळ दिसंल पोरगी." मुलगी खाली बघत राहिली. लहानपणापासून ती फिकं गुलाबी आणि फिकं पिस्ताच घालत आली होती, हे तिच्या आईनंच सांगितलं.

बाईंनी तिला पायरीवर नेलं, कापडं लावून बघितली आणि जाहीर केलं, "शरद! मोहरीच्या फुलाचा पिवळा घ्या. झळझळीत."

"अवो, लय भडक हुईल त्यो," आत्या म्हणाली.

बाई मुलीकडे वळल्या. "लग्न तुझं आहे ना? मग लपतेस कशाला? दिसू दे की जरा."

त्या मुलीनं पहिल्यांदा मान वर केली आणि आरशात बघितलं. शालू पिवळाच घेतला. आत्या बरेच दिवस बोलत नव्हती म्हणे.

पण त्याच सुमारास मला एक गोष्ट खटकायला लागली होती. बाईंच्या निकालात सगळं लोणावळं शरद झालं होतं. जी येईल ती शरद. मोहरी, मेंदी, विटकरी ही ठाणं मला पुन्हा पुन्हा मागवावी लागत होती. मग एक दिवस बाईंनी काळ्या अस्तराला म्हणून गडद निळा धागा उचलला आणि दोन्ही शेजारी धरून म्हणाल्या, "अगदी तंतोतंत."

मी म्हटलं, "बाई, एकदा डोळे दाखवून या."

त्या पिशवी उचलून निघून गेल्या. आठवडाभर फिरकल्या नाहीत. आल्या त्या तळेगावला तपासून, पडलेला चेहरा घेऊन. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

एकामागून एक दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. रंग सांगणाऱ्या बाई काळा गॉगल लावून पायरीवर बसल्या होत्या, आणि बाजारातल्या टवाळांना तेवढंच हवं होतं. गॉगल निघाला त्या सकाळी त्या दुकानात आल्या आणि कपाटांसमोर नुसत्या उभ्या राहिल्या.

"हा निळा कधी आणलास गं?"

"बाई, तो पहिल्यापासून तिथंच आहे."

त्यांनी पांढरं ठाण खाली घेतलं, त्यावरून हात फिरवला. "इतकी वर्षं मी चहाच्या पाण्यातून बघत होते की काय?" मग एकदम त्यांचा हात थांबला. "अगं, त्या कार्ल्याच्या पोरीचा शालू!"

लग्न चार दिवसांवर आलेलं. मी परोपरीनं सांगितलं की शालू घेऊन झाला, ब्लाउज शिवून झाला, आता गप्प बसा. पण ऐकतील तर बाई कसल्या? कापडांची पिशवी घेऊन त्या रिक्षात बसल्यासुद्धा. त्यांना एकटं कसं पाठवायचं म्हणून मी शटर ओढलं.

कार्ल्यात दारात मांडव पडत होता, बायका ओसरीवर बांगड्या भरत होत्या. बाईंनी मुलीला अंगणात बोलावलं, शालू खांद्यावर टाकायला लावला, मग त्यावर एकेक कापड धरलं. सगळ्या बायका बघायला जमल्या.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "हा रंग तुझा नव्हे. तुझा रंग हा, पिकल्या जांभळाचा. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता गं, मला सगळंच पिवळं दिसत होतं."

आत्याला जोर चढला. "म्या तवाच सांगितलं हुतं! आजच्या आज जाऊन गुलाबी आना. आन जांभळं काय, काळीला..."

"काय म्हणालात?" बाई गरजल्या. आत्या थांबली.

मुलगी शालूचा पदर हातात धरून उभी होती. तिनं हळूच विचारलं, "बाई, तुमी तवा म्हनला हुता, लपू नको, दिसू दे. ते बी मोतीबिंदूमुळंच का?"

मला वाटतं, तीस वर्षांच्या नोकरीत बाईंना कुठल्या मुलीनं असा प्रश्न विचारला नसेल. त्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं. "नाही गं बाळा. ते खरं सांगितलं होतं."

"मग ऱ्हाऊ द्या शालू. मला आवडलाय."

लग्नाला आम्ही दोघी गेलो. मुलगी पिवळ्याधमक शालूत ताठ उभी होती, आल्यागेल्याशी बोलत होती. आत्यानं मुद्दाम येऊन विचारलं, "आता खरं सांगा, कशी दिसती पोरगी?" बाईंनी नव्या डोळ्यांनी तिला खालपासून वरपर्यंत निरखलं. "चुकीच्या रंगात इतकी छान दिसणारी मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या, आणि रुमाल काढून डोळे पुसले. डॉक्टरांनी डोळ्यांना हात लावू नका म्हणून बजावलं होतं, तरी.

त्या थंडीत लेक येऊन बाईंना नागपूरला घेऊन गेली. आता एकट्यानं राहायचं वय नाही, म्हणाली, आणि ते खरंच होतं. आता ज्याला जो हवा तो रंग मी मुकाट्यानं कापून देते. दुकान शांत आहे, धंदा वाढलाय, आणि मला अजिबात करमत नाही.

परवा ती कार्ल्याची मुलगी आली. वलवणला दिलीय तिला. बरोबर सासू होती, स्वभावानं बरी वाटली. सासूनं फिक्क्या गुलाबी ठाणावर बोट ठेवलं. "हा घे गं, उजळ दिसशील."

"नको आई," ती हसून म्हणाली. "मला जांभळा पाहिजे." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाईंनी अंगणात दाखवलेला. त्योच द्या."

संध्याकाळी मी नागपूरला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तिनं स्वतः मागितला?" बाईंनी विचारलं.

"हो. सासूच्या देखत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं," बाई म्हणाल्या. "जरा सढळ हातानं कापलास ना? आणि भिजवून मग शिवायला सांग तिला. रुबिया आटतो."