वासावरचं मीठ

आमच्या मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जन्मात कधी साधा चहा केला नाही. पण लातुरातल्या आमच्या स्वयंपाकघरावर त्यांचा जेवढा ताबा होता तेवढा माझा सोळा वर्षांत झाला नाही. ताबा ठेवायला त्यांच्याकडे एकच अवयव होता, नाक. लांब, टोकाशी किंचित खाली वळलेलं, आणि कायम ड्युटीवर. नोकरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारातल्या लोखंडी खुर्चीत रुजू झाले. या नोकरीत रजा नव्हती, बदली नव्हती, आणि निवृत्तीचं तर नावच नको.

मी कढईत फोडणी टाकायची आणि पेपरामागून आवाज यायचा, "जिरं आधी पडलं." मी वळून बघायची. पेपर तसाच उभा. पुन्हा आवाज, "लसूण आज ठेचला न्हाई, चिरलाय." चिरलेला असायचा हो. शाळेला उशीर होत असायचा, ठेचत कोण बसणार? मामांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापता थापता हळूच म्हणायच्या, "माझी सारी जवानी ह्या नाकाखाली गेली बाई. तू आता आलीस."

एकदा मी चुलीवरचं वरण उतरवलं तर म्हणाले, "मीठ टाक की." मी चाखलं. मीठ खरंच राहिलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. गप्प बसणं आमच्या विषयात बसत नाही. म्हटलं, "मामा, मिठाला वास नसतो."

"मिठाला नसंल," मामा पान उलटत म्हणाले, "मीठ नसलेल्या वरणाला असतोय."

मी वरणात चमचाभर मीठ टाकलं.

कौतुकाच्या बाबतीत मामांचा हात फारच सैल होता. त्यांच्याकडे तीन शेरे होते. जेवण बिघडलं तर "चालतंय". चांगलं झालं तर "खाण्यालायक हाय". आणि अगदीच बोटं चाटत बसावंसं झालं तर "पाव्हण्याला चालंल". म्हणजे घरच्या माणसासाठी चांगलं असं त्यांच्या लेखी काही नव्हतंच. हा तिसरा शेरा मला सोळा वर्षांत एकदा मिळाला, आणि ती आमटी आत्याबाईंनी केली होती. मी खुलासा केला नाही.

माझं माहेर नांदेडचं, भर शहरातलं. वीतभर शेत नाही. त्यामुळे लग्नाच्या पहिल्या वर्षी जे झालं त्यात माझा काय दोष, तुम्हीच सांगा. मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या, म्हणजे इकडच्या येळवसेच्या, आदल्या दिवशी आत्याबाई गल्लीत गेल्या होत्या आणि मामा मला म्हणाले, "उद्या येळवस हाय. भज्जी करायची, शेतात न्यायची. लई लागती, पन्नास माणूस असतंय." नवी नवरी मी, उत्साहाला काय तोटा? पाच किलो कांदा चिरला, बेसन कालवलं आणि कढईत तेल तापवलं. आत्याबाई परत आल्या तेव्हा परातभर कांदाभजी तळून तयार होती. त्या कपाळाला हात लावून उंबऱ्यावरच बसल्या. लातुरात भज्जी म्हणजे हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, मेथी, कांद्याची पात आणि शेतात जे जे हिरवं असेल ते सगळं चिंच-बेसनात रटरट शिजवलेली भाजी. तळणाशी तिचा काडीचा संबंध नाही. एका ज नं माझा घात केला.

मामांनी एक शब्द रागाचा काढला नाही. त्यापेक्षा रागावले असते तर परवडलं असतं. त्या दिवसापासून जो कुणी घरी येईल त्याच्यापुढं माझी ओळख ठरून गेली, "ही आमची सून. भज्जी म्हणलं की तेल तापवती." शाळेचे मुख्याध्यापक घरी आले, त्यांनाही हेच.

येळवसेला आमची सगळी भावकी लातूरजवळच्या मुरुडच्या शेतात जमते. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, त्यांना नैवेद्य दाखवायचा आणि मग येईल त्याला जेवू घालायचं. आता नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही, उष्टं होतं. मग पन्नास माणसांच्या भज्जीत मीठ बरोबर पडलंय हे कळायचं कसं? तर मामांच्या नाकानं. प्रत्येक घरचं पातेलं त्यांच्यापुढं यायचं, झाकण निघायचं, मामा वाकायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "हिच्यात मूठभर मीठ. तिच्यात चिंच वाढवा. ही बरी हाय." गावात त्यांना दुसरा कसलाही मान नव्हता. सरपंचकी त्यांनी केली नाही, भाषण त्यांना जमलं नाही. वर्षातला हा एक दिवस आणि हे एक काम. आणि त्यांचे धाकटे भाऊ, आमचे धाकले मामा, दरवर्षी शेजारी उभे राहून हे नाक चुकायची वाट बघायचे. त्यांची वाट बघण्यात बरीच वर्षं गेली होती.

मग करोनाच्या साथीतला ताप आला. मामा पंधरा दिवस पडून होते, उठले, पुन्हा खुर्चीत येऊन बसले. सूचनाही सुरू झाल्या. मला मात्र काहीतरी खटकायला लागलं. एके सकाळी माझं वरण करपलं, चांगलं बुडाला लागलं. वास शेजारी गेला, शेजारीण विचारायला दारात आली, आणि दारातल्या खुर्चीत मामा शांतपणे पेपर वाचत बसले होते. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आमटीत मीठच टाकलं नाही. मामांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मीठ जरा पुढं गेलंय."

एरवी मी किती खूश झाले असते. सोळा वर्षांनी सापडले होते. आत्याबाई देवापाशी होत्या. पण मी मिठाची बरणी गुपचूप त्यांच्या ताटापाशी ठेवली. मामा बरणीकडे बघत राहिले.

"कळलं का तुला?" ते म्हणाले. "तीन महिने झाले. वास न्हाई, चव न्हाई. भाकर खातोय का पुठ्ठा, समजंना. कुणापाशी बोलू नको."

"या तापात गेलेला वास हळूहळू परत येतो म्हणतात डॉक्टर."

"येळवसेच्या आत येईल का?"

आमच्याकडं माणसाचं नाक जातं ते चारचौघांत मान खाली गेल्यावर. मामांचं एक नाक गेलंच होतं. दुसरं जायला येळवस तेवढी उरली होती, आणि ती आली.

कोपीसमोर पातेली मांडली. पहिलं आमचंच. झाकण निघालं, मामा वाकले, डोळे मिटले आणि तसेच राहिले. नेहमीपेक्षा फार वेळ. धाकले मामा अर्धं पाऊल पुढं सरकले. मी मामांच्या शेजारी उभी होते, वाफ माझ्याही तोंडावर येत होती. काय झालं सांगू, त्या वाफेत मला काहीतरी कच्चट, मोकळं मोकळं लागलं. मागे मामांनी पकडलेल्या बिनमिठाच्या वरणासारखं. विज्ञान गेलं खड्ड्यात. मी म्हटलं, "मामा, तुम्ही मघाशी जीपमध्ये म्हणत होता मूठभर मीठ कमी आहे म्हणून. टाकू का?"

जीपमध्ये ते अवाक्षर बोलले नव्हते. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"मग वाट कुणाची बघायलीस? टाक," मामा म्हणाले. "एकदा सांगून कळतच न्हाई हिला."

पुढची चार पातेली आम्ही अशीच पार पाडली. मी झाकण काढायची, वास घ्यायची, "चिंच का, मामा?" असं पुटपुटायची, आणि मामा पंचक्रोशीला ऐकू जाईल असं चिंच म्हणायचे. श्रेय सगळं त्यांना, बोलणी सगळी मला. धाकल्या मामांनी आमची भज्जी तीनदा वाढून घेतली आणि वर "नाक हाय बाबा थोरल्याचं" असं म्हणाले. हे ऐकायला मामांचं नाक जावं लागलं.

परतताना जीपमध्ये मामा बाहेर बघत होते. मुरुड मागं पडल्यावर हळू आवाजात म्हणाले, "येतंय की तुला. सोळा वर्षं मी काय उगं बडबडत हुतो व्हय?" मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

घरी आल्यावर चहाच्या वेळी ते खुर्चीतून म्हणाले, "सूनबाई, भजी कर. कांद्याची."

"आज? येळवसेला?"

"सगळं गेलंय, पण कान हायेत अजून. बाकीचं काय खाल्लं ते कळत न्हाई. भजं कुरकुर वाजतंय, तेवढं कळतंय."

मी तेल तापवलं. जरा जास्तच खरपूस तळली. मामांनी एकेक भजं काहीतरी ऐकत असल्यासारखं सावकाश चावलं, ताट रिकामं केलं आणि म्हणाले, "पाव्हण्याला चालंल." ही काही आत्याबाईंची आमटी नव्हती.

त्यांचं नाक काही परत आलं नाही. पुढच्या येळवसेला मामाच नव्हते. कोपीसमोर पातेली मांडली गेली आणि कुणी काही न ठरवता सगळेजण माझ्याकडे बघायला लागले. "बघ की, सूनबाई," धाकले मामा म्हणाले. मी वाकले, डोळे मिटले. दोन पातेल्यांत मीठ, एकात चिंच.

नैवेद्य झाल्यावर मी बांधावर तीन दगडांची चूल मांडली, घरून आणलेली कढई ठेवली आणि कांदा चिरायला घेतला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. धाकले मामा म्हणाले, "ही आमची सून. भज्जी म्हणलं की तेल..." उपरण्यानं डोळे पुसत ते बैलांकडं निघून गेले.

पहिलं भजं मी पांडवांपुढं ठेवलं. दुसरं तोंडात टाकलं आणि कोपीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं चावलं.