आबा रुसले नव्हते

माझे सासरे, आमचे आबा, उंबऱ्यात अडकतात. अंगणातून बरे चालत येतात आणि दारात आले की पाय फरशीला चिकटल्यासारखे उभे. मागे मी भाजीच्या पिशव्या घेऊन ताटकळत.

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी समजावलं होतं. मेंदूच्या पार आत, तळाशी, काही छोटे भाग असतात. चालणं, हसणं, उंबरा ओलांडणं असली सवयीची कामं ते आपल्याला न विचारता उरकून घेतात. कंपवातात तिथलं एक रसायन कमी पडतं. मग पाऊल उचलत नाही, चेहरा हलत नाही, आवाजही बारीक होतो. पण बाहेरून ठेका मिळाला तर मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय हलवू शकतो. म्हणून अडकले की 'एक-दोन, एक-दोन' म्हणा.

आबांनी घरी आल्या आल्या जाहीर केलं, "एक-दोन म्हणायला मी काय बालवाडीत हाय व्हय? आणि ह्यातलं भाईर कुणाला कळलं तर बघा."

पुढे माझ्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी शिरोळकडची. मी भीत भीत चाकाच्या खुर्चीचा विषय काढला, तर आबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. नातवाच्या डोक्यावर अक्षता टाकायला ते स्वतःच्या पायांनी जाणार होते.

वरातीत हलगीच्या तालावर आबा असे चालले, की आजारी मीच आहे की काय असं मला वाटलं. कार्यालयाच्या दारात हलगी थांबली. आबाही थांबले.

आता नवऱ्या मुलाचा आजोबा दारात उभा, चेहरा दगडासारखा, तोंडातून शब्द नाही. आमच्याकडे याचा एकच अर्थ होतो: मानपानात काहीतरी राहिलं! मुलीकडची मंडळी हादरली. शाल आली, नारळ आला, बांधलेल्या फेट्यावर दुसरा फेटा बांधायला एक जण धावला. "पावणं, काय चुकलं आमचं? सांगा की!" आमच्याच एका चुलत दिरानं, ज्याला कशाचाच पत्ता नव्हता, छातीठोकपणे सांगून टाकलं, "हळदीचं बोलावणं नीट दिलं न्हाई, म्हणून रुसल्यात." मग हळदीला कुणी कुणाला बोलावलं यावर तिथंच भांडण पेटलं.

मी आबांच्या कानाशी 'एक-दोन' सुरू केलं, पण त्या गलक्यात माझं मलाच ऐकू येईना. आत भटजी मुहूर्ताच्या नावानं ओरडत होते. खरं सांगून टाकावं तर आबांची ताकीद. असा राग आला मला, सगळ्यांचाच!

शेवटी मुलीचे वडील आले. धिप्पाड, रांगडा माणूस. त्यांनी सरळ आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. "आमचं काय चुकलं आसंल तर पोटात घाला. माझ्या लेकीकडं बघा." त्यांचा आवाज फुटला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबांनी थरथरता हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. आवाज बारीक, पण सगळे गप्प झाले म्हणून ऐकू आला.

"रुसलो न्हाय ओ. कंपवात हाय मला. पाय उचलंना. हलगी वाजवा."

हलगी कडाडली. व्याही उठून उभे राहीपर्यंत आबा उंबरा ओलांडून आत पोचलेसुद्धा. आबा बोहल्यापाशी पोचेपर्यंत मंगलाष्टकं खोळंबली आणि सगळं कार्यालय हलगी ऐकत बसलं. हाताच्या कापऱ्यानं निम्म्या अक्षता वाटेतच सांडल्या, पण नातवाच्या डोक्यावर पडायच्या त्या पडल्या. मी तोंडाला पदर लावून रडले.

आता सूनबाई घरात आहे. आबा स्वयंपाकघराच्या दारात अडकले की ती हातातलं काम टाकून परात उचलते. "आबा, रुसलासा व्हय?" म्हणते आणि परात बडवते. आबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, पण पाय हलतात.

परवा ती माहेरी गेली होती. आबा दारात थांबले. मी लगबगीनं परात घेतली आणि जीव तोडून बडवली. आबा जागचे हलले नाहीत.

"तुला ताल न्हाय," ते म्हणाले. "तिला बोलीव."