नदीकाठचं आळं

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "आजोबांनी मला पाण्यात पाठवलं होतं ना, तेव्हाची गोष्ट." मागून तुझा दादा हसला. मी विषय बदलला, कारण असलं काही फोनवर नीट सांगून होत नाही. म्हणून तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. त्यांनी तुला पाठवलं नव्हतं.

तुम्ही म्हैसूरला आलात त्याच्या आदल्या वर्षी आजोबांना झटका आला होता. उजवी बाजू अधू झाली आणि मराठी गेली. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच, अर्धी कन्नड मिसळलेली का होईना. पण त्यांची शाळा कन्नड, बेळगोळच्या कारखान्यातली सगळी नोकरी कन्नडात. मराठीच का गेली, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. उरले ते मोजके कन्नड शब्द. बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे. तुम्हाला कन्नड येत नव्हतं, आणि मराठी होती ती माझ्या फोनवरच्या शिकवणीपुरती. पुढच्या सुट्टीपर्यंत ते असतील असं मला वाटत नव्हतं. एक तरी दिवस तुम्हाला आजोबा मिळावेत, एवढ्यासाठी मी नदीवर जायचं ठरवलं.

निघण्याआधी सकाळी मी तुला परसातल्या कढीपत्त्याला आळं करायला शिकवलं. बुंध्याभोवती माती ओढायची, कडा थापायची आणि मग मधे पाणी.

"म्हणजे झाडाची वाटी," तू म्हणालीस. तो शब्द तुला इतका आवडला, की गाडीत बसेपर्यंत "आळं, आळं" चालू होतं. आजोबा पायरीवर बसून बघत होते.

मी सामान लावून ठेवलं होतं: चित्रान्न, दहीभात, सतरंजी, कोरडे कपडे, आजोबांच्या गोळ्या, कापूस, आयोडीन.

"आजी, आपण नदीवर चाललोय की हॉस्पिटलात?" दादाने विचारलं.

"नदीवर. तू खोड्या काढल्यास तर हॉस्पिटलात."

बन्नूरच्या रस्त्याला दोन्हीकडे ऊस उभा होता. भाड्याची गाडी आम्हाला काठावर सोडून जेवायला गावात गेली. करंजाखाली सतरंजी घातली. डिसेंबरचं ऊन, नदी संथ, पलीकडच्या खडकांवर बगळे. दादाला खंड्या दिसला. तो पाण्यात कसा सूर मारतो हे त्याने आजोबांना हात जोडून, वाकून, करून दाखवलं. तू चित्रान्नातले शेंगदाणे वेचून आजोबांना भरवत होतीस.

"साकु," ते म्हणाले.

"साकु, साकु," म्हणत तू आणखी एक त्यांच्या तोंडात घातलास. ते हसले. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसले. मला वाटलं, जमलं.

जेवणानंतर मी डबे विसळत होते. दादा करंजाच्या शेंगा गोळा करत होता. तू वाळूत एक काटकी रोवलीस, तिच्याभोवती वाळू थापलीस, आणि हात धुवायला आणलेला मग घेऊन पाण्याकडे गेलीस. मी म्हटलं, "घोट्यापर्यंतच हं." तू घोट्यापर्यंतच होतीस. पण थोडं पुढे पाण्याचा रंग गडद होता. तो आजोबांना दिसला, मला नाही.

"आळ!" ते ओरडले.

कन्नडात आळ म्हणजे खोल. ते लोक शेवटचा अ पूर्ण उच्चारतात, त्यामुळे ऐकायला तो थेट आपल्या ‘आळं’सारखा लागतो. तू वळून पाहिलंस. तुझा चेहरा इतका फुलला, की तो मला अजून दिसतो. तुझ्या लेखी आजोबांनी तुझ्याशी मराठीत बोललेला तो पहिला शब्द होता.

"हो आजोबा, आळं! पाणी आणते!"

"आळ! आळ!"

ते जितके ओरडत होते, तितकी तू मान हलवत आत जात होतीस. मग ते काठीशिवाय उठले, दोन पावलं टाकली आणि तोंडावर पडले. मी धावत त्यांच्या अंगावरून गेले. थांबले नाही. तुझा फ्रॉक माझ्या हाती आला तेव्हा पाणी तुझ्या हनुवटीशी होतं आणि माझ्या पायांखालची वाळू सरकत होती. बाहेर आलो तोवर दादा आजोबांचं डोकं मांडीवर घेऊन रडत होता. त्यांच्या कपाळातून रक्त येत होतं.

"मी आळ्यासाठी पाणी आणत होते," तू हुंदके देत म्हणालीस आणि हातातला पाण्याचा मग त्यांच्यापुढे धरलास. "आजोबांनीच सांगितलं."

मराठी त्यांना बोलता येत नव्हती, समजत मात्र होती. तुझं बोलणं ऐकून त्यांनी मगाकडे पाहिलं, मग वाळूतल्या काटकीकडे. त्यांना सगळं कळलं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्यानंतर तुम्ही असेपर्यंत ते तुमच्यासमोर एक शब्दही बोलले नाहीत. बेडा नाही, साकु नाही. तुला वाटलं, ते रागावलेत. निघताना तू त्यांच्या पाया पडलीस, तर त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. आपल्या तोंडून निघालेला शब्द पोरीला पुन्हा कुठे नेईल, याची त्यांना भीती बसली होती. मी किती समजावलं. ते नुसती मान हलवत.

तुम्ही गेल्यावरही ते बरेच दिवस गप्प होते. एका सकाळी ते परसात कढीपत्त्यापाशी उभे दिसले. तू थापलेली कडा एका बाजूने ढासळली होती. त्यांनी काठीने तिकडे दाखवलं.

"आळं," ते म्हणाले.

कन्नडात म्हणाले की मराठीत, मला कळलं नाही. मी त्यांना विचारलंही नाही. कडा नीट केली आणि बादली आणायला आत गेले.