माझ्या वतीनं बोलणारी

माझं हिंदी वाईट आहे. वर्गात गणित शिकवताना अडत नाही, कारण तिथं फळा असतो आणि निम्मं बोलणं इंग्रजीत चालतं. पण नळ गळतोय हे प्लंबरला सांगायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. सातारा जिल्ह्यातल्या माणसाचं हिंदी ऐकून जयपूरचे लोक हसतात. प्रेमानं हसतात, पण हसतात, आणि मी पडले तापट. म्हणून जगतपुऱ्याच्या कॉलेजात नोकरी लागल्यावर पहिलं वर्ष मी शक्यतो गप्प राहून काढलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

ती मला इथल्या मराठी मंडळींच्या माघी गणपतीत भेटली. वडील फौजेत, मूळ कोल्हापूरकडचे. छावण्याछावण्यांतून वाढलेली पोर, आरतीला नुसते ओठ हलवत होती. "ताई, मला मराठी समजते, मतलब बोलायला थोडी अटकते," म्हणाली. वडील निवृत्त होऊन गावी चालले होते, तिची नोकरी इथल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर. दोन महिन्यांपुरती जागा हवी होती. माझ्याकडे दोन खोल्या होत्या. आपलं माणूस म्हटल्यावर कागद कसला मागायचा? खाली राहणाऱ्या मालकीणबाईंना मी कळवलं, म्हणजे तिनंच कळवलं. माझ्या वतीनं.

मला मोठं सुख झालं, खोटं कशाला बोलू. गॅसवाला, वीजवाला, गल्लीतला चौकीदार, सगळ्यांशी ती बोलायची. मालकीणबाई जिन्यात भेटल्या की मी हसून पुढं व्हायची आणि ती मागं थांबून गप्पा मारायची. मीटर बिघडला, तक्रार तिच्या मोबाइलवरून गेली. पाणी आलं नाही, टँकर तिनं बोलावला. भाडंसुद्धा मी तिच्याच हाती खाली पाठवायची. बदल्यात मी तिला मराठी शिकवायची. देवनागरी तिला हिंदी शाळेमुळे वाचता येत होतीच. ती एका वहीत माझी वाक्यं उतरवून घ्यायची आणि संध्याकाळी आपल्या खोलीत मोठ्यानं म्हणायची. "काळजी करू नका." "तुम्ही जेवलात का?" "माझं ऐका जरा." भिंतीपलीकडून माझेच हेल ऐकू यायचे आणि मला हसू फुटायचं. मी वर्गात असले की आई तिच्या मोबाइलवर फोन करायची आणि ती बोलायची. तेवढाच सराव, असं मीच म्हणायची.

दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. आईची नजर वर्षभर अधू होत चालली होती, मग डोळे गेलेच. अगदी आंधळी नाही, पण दारात उभं असलेलं माणूस आवाजावरून ओळखायची वेळ आली. चुलीवर ठेवलेलं दूध तिला दिसेना. गावात ती एकटी. तिला इकडे आणायचं, दुसरी खोली तिला द्यायची, असं मी ठरवलं. पावसाळा संपायच्या आत.

मी त्या पोरीला सांगितलं, आता तुझी सोय बघ. ती म्हणाली, "हो ताई, बघते ना." दर आठवड्याला मी विचारायची आणि दर आठवड्याला ती तेच म्हणायची, तितक्याच गोड आवाजात. दरम्यान तिच्या खोलीत नवं कपाट आलं. फाटकाशेजारच्या घंटीवर चिकटवलेली माझ्या आडनावाची पट्टी पावसानं उखडली म्हणून तिनं नवी लावली. त्यावर दोन आडनावं होती, तिचं वर. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथंच ठरवलं की ही कामावर गेली की कुलूप बदलायचं आणि सामान जिन्यात ठेवायचं.

स्टाफरूममधल्या एका बाईंनी मला आवरलं आणि कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकिलाकडे पाठवलं. म्हातारे गृहस्थ, चहाच्या कपावर बशी झाकून ठेवून त्यांनी माझं मोडकंतोडकं हिंदी शेवटपर्यंत ऐकलं. एकदाही हसले नाहीत. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

"मॅडम, ताला भूलकर भी मत बदलना," ते म्हणाले. "सामान बाहर मत रखना, बिजली-पानी मत काटना. जो रह रहा है, वो अदालत के हुक्म से ही निकलेगा."

"पण घर माझ्या नावावर भाड्यानं आहे!" मी चक्क मराठीत ओरडले.

त्यांना समजलं असावं. त्यांनी विचारलं, तिला ठेवायला मालकिणीची लेखी परवानगी घेतली होती का? नव्हती घेतली. मग जपून, ते म्हणाले, परवानगीशिवाय कुणाला ठेवलं म्हणून मालकीण तुम्हालाच बाहेर काढायला अर्ज करू शकते. मग त्यांनी माझा करार हातात घेतला, तारीख बघितली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ये तो खत्म हो चुका. नया वाला?"

नवा. इथले करार अकरा महिन्यांचे असतात. माझा गेल्या वर्षी संपला तेव्हा मी गौरी बसवायला गावी गेले होते. ती माझी सवय, एकही वर्ष चुकवलेलं नाही. इकडून तिचा फोन आला होता, कराराचं काय करू? माझे हात पुरणानं भरलेले होते. मी म्हणाले, "तू बघून घे गं." आल्यावर तिनं सांगितलं, झालं ताई. मी कागद मागितलासुद्धा नाही.

वकिलाकडून निघाले ती थेट मालकीणबाईंच्या दारात. दोन वर्षांत पहिल्यांदा मी एकटी त्यांच्यासमोर उभी होते. त्यांना आधी नवल वाटलं, मग त्यांनी आतून फाइल आणली. करारावर भाडेकरू म्हणून तिचं नाव होतं. एकटीचं. पोलिसांत द्यायच्या भाडेकरूच्या फॉर्मवर तिचा फोटो होता. मी पानं उलटसुलट केली, माझं नाव कुठंच सापडेना.

"बेटा, तुम तो वापस जा रही हो ना?" मालकीणबाईंनी हळूच विचारलं. "उसने कब का बता दिया था. माँ को दिखता नहीं, अब वहीं रहोगी. मैंने कहा, अच्छी बेटी है."

मला सांगायचं होतं की हे खोटं आहे, मी कुठंही जात नाही, माझी आई इथं येणार आहे. तीन साधी वाक्यं. माझ्या तोंडून "नहीं, आंटीजी, वो" एवढंच बाहेर पडलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं मला आईच्या आठवणीनं भरून आलंय.

वर गेले तर ती भाजी निवडत बसली होती. मी करार तिच्या तोंडावर फेकायच्या तयारीत होते, पण कागद मालकीणबाईंकडे राहिला होता. मी ओरडले, काय वाट्टेल ते बोलले. तिनं मान वर केली नाही. "ताई, तुम्हीच म्हणालात ना, तू बघून घे," ती म्हणाली. कुठंही न अडखळता.

वकिलाला फोन केला. ते म्हणाले, घाबरू नका, जुना करार जपून ठेवा, कॉलेजला दिलेला पत्ता, पार्सलांच्या पावत्या, जे हाताला लागेल ते जमवा. तुम्ही राहताय, तेव्हा कुलूप तीही बदलू शकत नाही. सकाळी जो नियम ऐकून मी चिडले होते, त्याच्याच आधारानं मी संध्याकाळी त्या घरात होते. नको असलेली बाई आता मी होते. माझ्याच खोलीत मी माझे कागद शोधत बसले आणि भिंतीपलीकडे ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती. ती मराठीत बोलत होती हे माझ्या लक्षात आलं, पण मी कपाट उपसत होते.

थोड्या वेळानं मी आईला फोन लावला. तिकीट काढलंय, पंधरा दिवसांत तुला न्यायला येते, म्हणाले.

"आगं, आता कशाला?" आई म्हणाली. "भरल्याली पेटी सोडली की मी. मगाशी तूच म्हनलीस न्हवं, मीच येते कायमची, तू घर सोडू नगंस?"

"मी? आई, मी आत्ताच फोन करतेय."

"मग मगाशी कोन बोललं?" आई हसली. "तुजाच तर आवाज हुता. काळजी करू नका म्हनलीस. तवाच वाटलं, आज मला आहोजाहो का करतीया ही पोर."