गणपतकाकांचा हात

गणपतकाकांनी पहिल्याच दिवशी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला, की हातातला स्कॅनर उडून पडला. मी संतापून वळलो, तर ते शांतपणे विचारत होते, "सर, पानी कुठं हाय?"

अंजूरच्या एका गोदामात मी पन्नाशी उलटलेल्यांना पार्सल स्कॅन करायला शिकवत असे. जवळच्या नारपोलीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, भंगारात गेले आणि उभा जन्म त्यांच्यावर काढलेली ही माणसं घरी बसली. काकांना दोन-चार ठिकाणी नुसतं वय बघूनच हाकललं होतं. इथंही जमलं नाही तर दुसरीकडे कोण उभं करणार?

मी गुद्द्याबद्दल झापलं, तर ते हसले. लूमवरचं शटल तोंडावर उडून पुढचे दात पडलेले, त्यामुळे हसणंही भीतिदायकच. "लुमावर तोंडानी कोन बोलतो, सर? गला फाटंल, पन ऐकू न्हाय येनार. हात लागला का मानूस बघतो."

त्यांचे जोडीदार रफिकभाई. लूमच्या खडखडाटात त्यांचे कान पार गेलेले. जेवणाची सुट्टी झाली, की काका त्यांच्या पाठीत धपाटा घालत; चहा हवा असला, की रफिकभाई काकांच्या बरगडीत कोपर खुपसत. असली प्रेमळ मारामारी मी दुसरी पाहिली नाही. "काका, इथं कुणावर हात टाकलात तर नोकरी जाईल," मी बजावलं. तेव्हापासून बिचारे हात खिशात कोंबून फिरत.

दोघंही तिथंच कामाला लागले. एका दुपारी फोर्कलिफ्ट मागं येत होती आणि रफिकभाई वाटेतच खोक्यांवर वाकलेले. हॉर्न त्यांना कुठला ऐकू येणार? काका धावत गेले आणि दोन्ही मुठींनी हाणून त्यांना बाजूला भिरकावलं. रफिकभाईंचा गाल रॅकच्या खांबावर फाटला, पार्सलं रक्तानं भरली. त्यांची खोकी फोर्कलिफ्टखाली चिरडली. गार्डांना मात्र दिसला तो मारणारा म्हातारा. मी ओरडत पोहोचेपर्यंत त्यांनी दांडक्यांनी काकांचं मनगट मोडलं होतं.

कॅमेऱ्यातलं सगळं पाहून मॅनेजर नरमले. "जीव वाचवलात, मान्य. पण मारहाणीला इथं माफी नाही. पुन्हा हात उचलणार नाही, एवढं सगळ्यांसमोर म्हणा. ड्युटी चालू ठेवतो."

मी काकांना खुणावत होतो, म्हणा एकदाचं! काकांनी ओठावरचं रक्त पुसलं. "परत गारी आली, तर परत मारीन. खोटं कशाला बोलू?"

नोकरी गेली. मला त्यांचा राग आला आणि भडभडूनही आलं.

ते गेटबाहेर पडले, तसे गालाला पट्टी लावलेले रफिकभाई गोदामाचं जॅकेट काढत मागून धावले. "मैं भी नहीं करता, गनपत!"

काकांनी धड असलेल्या हातानं त्यांची कॉलर धरली. "घर में चूल्हा कौन जलाएगा? अंदर जा!" रफिकभाई हलेनात. काकांनी त्यांच्या छातीवर सणसणीत गुद्दा हाणला. रफिकभाई धडपडत आत गेले आणि काकांनी बाहेरून गेट ओढून घेतलं.