बिनपेशंटची पट्टी

पट्टीवाल्यांचा जन्म रेघा वाचण्यात गेला. हॉस्पिटलात ते ईसीजी काढायचे, म्हणजे हृदयाची पट्टी. मशीनमधून कागद सरकत बाहेर येऊ लागला की डॉक्टरांच्या आधी यांच्या कपाळाला आठी पडायची. नव्या पोरांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मॉनिटरवर भयंकर रेघ दिसली, म्हणून त्यांनी डॉक्टरांना जेवणावरून उठवून पळवत आणलं होतं. आणि पेशंट कॉटवर बसून निवांत दात घासत होता. हात हलत होता, तशी रेघ हलत होती. "आधी माणूस बघा, मग पट्टी," असं म्हणून स्वतःच पोट धरून हसत.

रिटायर झाले आणि गोष्ट ऐकायला कुणी उरलं नाही. बायकोची तर ती पाठ झाली होती. अशात कुणीतरी त्यांना मोबाइलवर एका शेअरचा आलेख दाखवला. "अरे, ही तर आपलीच पट्टी!" मग काय, पुस्तकं आली. भाव कुठे टेकतो, कुठे अडतो, दोन बुटक्या चढांमधे एक उंच चढ, म्हणजे दोन खांद्यांच्या मधे डोकं, दिसलं की समजायचं काय, सगळं घोटून झालं. पहिले काही सौदे जमलेही. बाजार तेव्हा आंधळ्यालाही हात धरून वर नेत होता, पण ते कोण बघतो! सौदा जमला की पट्टी बरोबर, फसला की आपली घाई नडली. असा न्याय लावला तर कुठलंच शास्त्र जन्मात खोटं ठरायचं नाही.

समोरचा न्हावी विचारायला येऊ लागला, औषधांचा दुकानदार येऊ लागला. पट्टीवाल्यांची कॉलर ताठ झाली. खरं सांगायचं तर पैशापेक्षा त्यांना ते विचारणंच गोड लागत होतं.

सगळ्यात जास्त भरवसा धाकटीचा, म्हणजे मेहुणीचा. एकटी बाई. नजर अधू झाली म्हणून शिवणकामाचं दुकान विकलेलं, आणि त्याचे आलेले पैसे हाच तिच्या म्हातारपणाचा आधार. रोज संध्याकाळी जिने चढून यायची, खुर्चीत टेकायची, जरा वेळाने म्हणायची, "भावोजी, कधी घालू पैसे?" मोबाइलवरून मान वर न करता हे म्हणायचे, "थांब, रेघ खाली टेकू दे." शेवटी एकदा म्हणाले, "उद्या घालू. सगळे."

बायको हे ऐकत होती. ती जन्मभर शाळेत गणित शिकवलेली; वाद घालून उत्तर बदलत नाही हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चौकटीच्या कागदावर काढलेला एक आलेख त्यांच्यापुढे सरकवला.

"कुठली कंपनी?"

"आधी सांगा तर. घ्यावा का?"

त्यांनी चष्मा पुसला. "हा डावा खांदा. हे डोकं. हा उजवा. आता आपटणार बघ. हात लावू नकोस."

"नक्की?"

"अगं, उभा जन्म पट्ट्या वाचल्यात मी!"

तिने मुठीतलं नाणं टेबलावर ठेवलं. "भाजी शिजेपर्यंत मी हे नाणं उडवत बसले होते. छापा पडला की एक घर वर, काटा पडला की एक घर खाली."

पट्टीवाले जाम भडकले. एकावरून काय ठरतं, म्हणत स्वतःच नाणं उडवायला बसले. डोकी निघाली, खांदे निघाले, टेकण्याच्या जागा निघाल्या. बाजारामागे खरी माणसं असतात, त्यांची हाव असते, भीती असते. त्यातलं काहीतरी रेघेत उतरतही असेल. पण खरा आलेख आणि नाण्याचा आलेख शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांना फरक सांगता येईना. आणि ज्याला तो सांगता येत नाही त्याने दुसऱ्याच्या म्हातारपणाला हात घालू नये. दात घासणारा पेशंट त्यांना आठवला. या खेपेला हसू आलं नाही, लाज वाटली.

संध्याकाळी धाकटी येऊन टेकली.

"पैसे घालू नकोस," ते म्हणाले. "मला यातलं काही कळत नाही."

"मग तुमचे जमले ते सौदे?"

"बाजारच चढत होता. डोळे मिटून घेतले असते तरी जमले असते."

"आणि इतके दिवस मला कशाला सांगत होतात?"

"तू विचारायला यायचीस ना. बरं वाटायचं गं."

आता ही चिडणार म्हणून ते वाट बघत राहिले. मोबाइल आज खिशात होता, म्हणून त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. ती तोंडाने श्वास घेत होती. ओठ निळसर दिसत होते. चपलेचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतले होते.

"ही धाप कधीपासून आहे?"

"झाले दोनेक महिने. जिने चढले की लागते. सांगणार होते, पण तुम्ही त्या रेघांत असायचात..."

दोन महिने ती रोज त्यांच्यासमोर याच खुर्चीत बसत होती. पट्टीवाले उठले आणि तिचा हात धरला.

"अगं, गाडी बोलाव," त्यांनी बायकोला हाक मारली. "हिची पट्टी काढायचीय."